दोर धरणारा मेहुणा

फार जुनी गोष्ट आहे. एवढी जुनी, की ज्या गावात ती घडली त्या गावाचं नाव सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. गाव एका उंच कड्याच्या माथ्यावर होतं. त्या कड्याच्या पोटाला आग्यामाश्यांची मोहोळं लटकलेली असत, बैलगाडीच्या चाकाएवढी मोठी. गावातले पुरुष दोराला लोंबकळून खाली उतरत, धूर करून माश्या उठवत आणि मध काढत. त्या मधावरच गावाचं मीठ, कापड आणि धान्य यायचं.

कड्यावर उतरणं धोक्याचं होतं, पण गावाने त्यासाठी एक रीत घालून घेतली होती. उतरणाऱ्याचा दोर वर बसून धरायचा तो त्याच्या बायकोच्या भावाने. सख्ख्या भावाने नाही, बापाने नाही, मेहुण्यानेच. कारण दोर सुटला तर मेहुण्याच्या स्वतःच्या बहिणीचा संसार बुडणार. असा माणूस डुलकी काढणार नाही, गप्पा मारणार नाही, असा गावाचा हिशेब होता.

धरणाऱ्याला काम पुष्कळ असे. दोर कड्याच्या धारेवर घासून तुटू नये म्हणून तो खाली चामड्याचा तुकडा घाली आणि तुकडा सरकला की पुन्हा जागेवर आणी. खालून एक ओढ आली की दोर सैल सोडायचा, दोन आल्या की वर घ्यायचं. माश्यांच्या घोंघावण्यात आणि वाऱ्यात हाक ऐकू जात नसे, म्हणून ही ओढीची भाषा. आणि उतरण्याआधी मेहुणा नेहमी विचारी, "दाजी, किती वेळ लागेल?" तेवढा वेळ हातातलं बळ पुरवायचं असे, म्हणून विचारायचं.

उतरणारा कधी वर बघत नसे. तोंडाला फडकं, डोळ्यांत धूर. वर कोण आहे हे त्याला दिसत नसे. ते त्याला फक्त माहीत असे.

एकदा मध काढायचे दिवस सुरू व्हायच्या थोडं आधी त्या गावात एक कथेकरी आला. माणूस बारीक चणीचा, पण आवाज असा की ऐकणाऱ्याच्या हातातला घास हातातच राहावा. संध्याकाळी वडाखाली लोक जमले. त्याने चतुर कोल्ह्याची गोष्ट सांगितली, रुसलेल्या चंद्राची सांगितली. लोक हसले, घरी गेले. मग एका संध्याकाळी त्याने गावाकडे बघून एक नवीनच गोष्ट रचली.

त्या गोष्टीत एक मध काढणारा होता आणि त्याचा एक मेहुणा होता. मेहुणा फार गोड बोलणारा. रोज दोर तपासायचा, रोज पाणी आणून द्यायचा आणि रोज विचारायचा, "दाजी, किती वेळ लागेल?" आणि दाजी खाली गेले, की कमरेची सुरी काढून दोराचा एक पीळ कापायचा. कथेकरी इथे जिभेने 'टक्' असा आवाज काढायचा. पीळ तुटल्याचा. ऐकणाऱ्यांच्या मानेवर काटा यायचा.

शेवटी खालच्या माणसाला दोर थरथरलेला कळतो. तो ओळखतो. मेहुण्याने कापायच्या आत तो स्वतःच विळ्याने दोर तोडतो, कड्याच्या कपारीत पाय रोवतो आणि सरपटत वर येतो. पुढे तो कधी माणसाच्या हातात दोर देत नाही. म्हणतो, "झाडाला बांधा. झाडाच्या मनात कपट नसतं."

लोकांना ती गोष्ट फार आवडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच मागितली.

"बुवा, चंद्र राहू द्या. ती दोराची सांगा."

"कालच तर सांगितली."

"मग आज जरा अजून रंगवून सांगा."

कथेकऱ्याने रंगवली. रोज रंगवायची तर रोज काहीतरी वाढवावं लागतं. एकाचे दोन मेहुणे झाले. मग असा मेहुणा आला जो बहिणीच्या पोराला खांद्यावर घेऊन खेळवतो आणि त्याच खांद्यावरच्या पिशवीत सुरी ठेवतो. प्रत्येक वेळी जो जास्त माया दाखवी, तोच दोर कापी. लोक श्वास रोखून ऐकत आणि घरी जाताना हसत हसत एकमेकांना म्हणत, "गोष्टच आहे ती." कोणालाच ती खरी वाटत नव्हती. आणि खरी वाटत नव्हती म्हणूनच कोणी तिच्यापासून जपून राहिलं नाही.

मुलांनी तर तिचा खेळ केला. एकजण डोळे मिटून उभा राही, दुसरा मागून येऊन कानाशी 'टक्' करी. झाडाच्या मनात कपट नसतं, हे त्यांना पाठच झालं होतं.

त्या गावात गोमा नावाचा एक मध काढणारा होता. शांत, नेटका माणूस. त्याची बायको राही, आणि राहीचा धाकटा भाऊ धाकू. धाकू गोमाचा दोर धरायचा. दोघांचं छान जमायचं. धाकू बडबड्या, गोमा मोजकं बोलणारा.

मध काढायचे दिवस सुरू झाले. कड्यावर पहिल्या दिवशी थट्टेला ऊत आला.

"धाकू, सुरीला धार लावलीस का रे?" एकाने विचारलं.

"लावली की," धाकू म्हणाला. "दाजींचा दोर जाड आहे. बोथट सुरीने कापायचा तर संध्याकाळ होईल."

सगळे हसले. गोमाही हसला. मग धाकूने नेहमीप्रमाणे विचारलं, "दाजी, किती वेळ लागेल?"

हाच प्रश्न गोमाने किती वर्षं ऐकला होता. आज मात्र त्याच्या पाठीतून काहीतरी थंड सरकलं. तो प्रश्न धाकूच्या आवाजात आला आणि कानात पोहोचेपर्यंत कथेकऱ्याच्या आवाजात बदलला. गोमाला स्वतःची लाज वाटली. तो उत्तर न देताच खाली उतरला.

असं फक्त गोमाचं झालं नव्हतं. दुसऱ्या एकाने उतरण्याआधी दोर हातभर हातभर करून तपासला आणि मेहुणा ते बघत उभा राहिला. तिसऱ्याने मेहुण्याला सुरी घरी ठेवून यायला सांगितलं. "वेळ किती लागेल" असं विचारणं धरणाऱ्यांनीच हळूहळू सोडून दिलं, कारण विचारलं की समोरच्याचे डोळे बदलत. न विचारल्यामुळे हातातलं बळ किती वेळ पुरवायचं ते कळेना. एकदोघांनी तर दोर सरळ झाडालाच बांधला.

झाडाच्या मनात कपट नसतं हे खरंच. पण झाडाला हातही नसतात.

एका दुपारी गोमा अंगणात आपला दोर उकलून बघत होता. दोराच्या मधोमध एका पिळाचं टोक त्याला दिसलं. झिजून तुटलेलं नव्हतं. सुरीने कापलेलं होतं, स्वच्छ.

खरी गोष्ट एवढीच होती, की धाकूला तो पीळ कुजलेला दिसला होता. त्याने कुजका भाग कापून तिथे पळसाच्या सालीचा नवा पीळ भरला होता. मागच्या वर्षी असतं तर गोमा म्हणाला असता, "बरं केलंस रे." मागच्या वर्षी असतं तर त्याने निदान विचारलं असतं. या वर्षी त्याने विचारलं नाही. त्याला उत्तर आधीच माहीत होतं. वडाखाली रोज ऐकलं होतं.

"काय बघताय एवढं?" राहीने दारातून विचारलं.

"काही नाही. दोर."

"धाकूने परवा बसून नीट केलाय तो."

"हो. दिसतंय," गोमा म्हणाला आणि दोर गुंडाळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर राही पाणी भरून आली तर गोमा घरात नव्हता. घरात राखून ठेवलेला नवा दोर खुंटीवर नव्हता. जुना, धाकूने नीट केलेला दोर तिथेच होता. विळाही गेला होता. राहीच्या लक्षात आलं, नवरा एकटाच कड्यावर गेलाय. धाकूला न सांगता.

ती भावाच्या घरी धावली. भावजय चुलीपुढे बसली होती.

"ते मघाशीच गेले कड्याकडे," ती म्हणाली. "दाजींना एकटं जाताना कोणीतरी पाहिलं म्हणे. सुरी घेतली, दोर घेतला आणि पळत गेले. काय झालं हो, वन्सं?"

सुरी घेतली. दोर घेतला. खरं तर राहीला भावाची आठवण यायला हवी होती, तापाने फणफणलेल्या तिला पाठीवर घेऊन वैद्याकडे धावलेल्या भावाची. पण त्या क्षणी तिला आठवला तो कथेकऱ्याचा 'टक्' आवाज. ती कड्याकडे पळत सुटली.

धारेजवळ आली तेव्हा तिला लांबून दिसलं ते असं. झाडाला बांधलेला एक दोर धारेवरून खाली गेलेला. धाकू पालथा पडलेला, अर्धं अंग कड्याबाहेर. त्याच्या हातात सुरी, आणि ती सुरी दोरावर चाललेली.

राहीने खाली वाकून एक दगड उचलला. ती मागून जवळ गेली. भावाचं डोकं तिच्या पुढ्यात होतं. तिने दगड वर नेला.

"आक्का, तू का?" धाकू मागे न बघता म्हणाला. त्याचा आवाज दबून येत होता. "पाय धर माझे. मी सरकतोय."

राहीने खाली पाहिलं. भावाच्या पायांचे अंगठे मातीत रेघा ओढत पुढे सरकत होते. धारेवर दगडाला घासून झाडाचा दोर पिंजला होता, चार धागे तेवढे राहिले होते. त्याखाली, पिंजलेल्या जागेच्या पलीकडे, धाकूने एका हाताने दोर धरून ठेवला होता. गोमाचं सगळं वजन त्या हातावर होतं. दुसऱ्या हाताने तो आपल्या स्वतःच्या गुंडाळलेल्या दोराची करकचून बांधलेली वादी कापत होता, तो सोडून खाली टाकण्यासाठी. लांबून दोन्ही दोर एकच दिसत होते.

राहीच्या हातातून दगड गळला. ती भावाच्या पायांवर पडली आणि तिने ते घट्ट धरले.

इकडे खाली गोमाला दोर थरथरलेला जाणवला.

त्याने ओळखलं. म्हणजे त्याला वाटलं, की आपण ओळखलं. आपण एकटे आलो, तरी तो मागून आलाच. गोष्टीत माणूस काय करतो ते गोमाच्या हातांना पाठ झालं होतं. त्याने विळा काढला, डोक्यावरच्या दोराला लावला आणि ओढला. एक पीळ तुटला. दुसरा तुटला. एकीकडे त्याचा पाय कड्यावर कपार शोधत होता.

कपार नव्हती.

गोष्टीतल्या कड्याला कथेकऱ्याने एक कपार दिली होती. खरा कडा पायाखाली थाळीसारखा गुळगुळीत होता. गोमाने डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. मग, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, त्याने तोंडावरचं फडकं सरकवून वर पाहिलं.

वर त्याला सुरी दिसली नाही. कड्याबाहेर लोंबणारा एक हात दिसला, खांद्यापासून ताणलेला. त्या हाताच्या बोटांतून रक्त येत होतं आणि दोरावरून खाली ओघळत होतं. हात दोर सोडत नव्हता.

तेवढ्यात दुसरा दोर त्याच्या तोंडाशी येऊन लोंबला. टोकाला फास होता. गोमाने विळा टाकला आणि फासात खांदा घातला. त्याच क्षणी त्याने स्वतः अर्धा कापलेला दोर तुटला.

गोमाचं सगळं वजन आता धाकूच्या तळहातांतून सरकणाऱ्या त्या दुसऱ्या दोरावर आलं. दोर हातांतून जळत गेला. कातडं गेलं, पण मूठ उघडली नाही. राहीने भावाला पायांनी धरून धारेवरून आत ओढलं, मग दोराचं मागचं टोक पकडलं, झाडाभोवती फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि मग गावाकडे तोंड करून ओरडली. अशी ओरडली की शेतातली माणसं हातातलं टाकून धावली.

सगळ्यांनी मिळून गोमाला वर घेतलं. माश्यांनी त्याचा चेहरा सुजवला होता. तो धारेवर बसला आणि बराच वेळ कोणाकडे बघेना. धाकूच्या हातांना लोक हळद लावत होते आणि तो दात आवळून म्हणत होता, "हळू रे. मध काढताय का काय हातातून?" कोणी हसलं नाही.

एका म्हाताऱ्याने झाडाचा दोर ओढून वर घेतला. धारेपाशी घासून पिंजलेला भाग सगळ्यांना दिसला. मग दोराचं तुटलेलं टोक वर आलं. ते पिंजलेलं नव्हतं. ते विळ्याने कापलेलं होतं.

"हा काप कोणाचा?" म्हाताऱ्याने विचारलं.



"माझा," गोमा म्हणाला.

कथेकरीही लोकांबरोबर धावत आला होता. त्याने दोराचं टोक पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मी कोणाच्या हातात विळा दिला नाही," तो हळूच म्हणाला.

"नाही दिलात, बुवा," राही म्हणाली. "विळा घरचाच होता. तो कुठे लावायचा ते मात्र तुमच्याकडून शिकलो."

"तुम्हीच रोज तीच मागत होता. मी दुसऱ्याही सांगत होतो की."

"मागत होतो. मीही मागत होते," राही म्हणाली. "म्हणून तर आज माझ्या हातात दगड होता." मग तिने विचारलं, "बुवा, एवढ्या वेळा सांगितलीत, त्यातल्या एका तरी मेहुण्याने दोर धरून ठेवला का हो?"

"धरून ठेवला तर गोष्ट काय राहिली?" कथेकरी म्हणाला.

राहीने भावाच्या हातांकडे बोट केलं. "एवढी राहिली," ती म्हणाली.

गावाने कथेकऱ्याला हाकलून दिलं नाही. तो आपणहून दोन दिवसांनी पुढच्या गावी गेला. त्या वर्षी मध थोडाच निघाला, कारण पुष्कळ दोर गुंडाळलेलेच राहिले. मग एकेका घरात लोक बोलू लागले. ज्याने दोर तपासला होता त्याने मेहुण्याला घरी जेवायला बोलावलं. काही घरांत तेही जमलं नाही.

धाकूचे हात बरे झाले, पण बोटं पुन्हा पुरती मिटली नाहीत. दोर धरणं त्याला कायमचं बंद झालं. गोमाही पुन्हा कड्यावर उतरला नाही.

पुढे राहीला मुलगी झाली. धाकू रोज तिला खेळवायला येई. एकदा तो अंगणात बसून भाचीसाठी पेरू कापत होता. बोटं वळत नव्हती, म्हणून सुरी दोन्ही तळव्यांत धरून, जीभ बाहेर काढून, सावकाश. गोमा समोर बसला होता. या माणसाने आपल्याला कसं धरून ठेवलं होतं ते गोमाला रोज आठवायचं. तरीही सुरी हलली आणि गोमाचा हात आपोआप पुढे गेला. त्याने मुलीला जवळ ओढलं.

धाकूने ते पाहिलं. त्याने सुरी जमिनीवर ठेवली, मूठ गोमाच्या बाजूला करून, आणि पेरू त्याच्याकडे सरकवला.

"तुम्हीच कापा, दाजी," तो म्हणाला. "माझ्याने आज होत नाही."

गोमाने पेरू घेतला. त्याचे डोळे भरून आले होते, पण मुलीला धरलेला हात मात्र त्याला लगेच सोडवेना.

तात्पर्य: गोष्ट खोटी आहे हे माहीत असलं तरी मनातला विश्वास ती कापू शकते; म्हणून आपण आवडीने काय ऐकतो आणि त्याचा आपल्या माणसांकडे बघण्याच्या नजरेवर काय परिणाम होतो, हे ज्याने त्याने वेळीच तपासावं.